पाणी मागायचं कुणाकडे?

उन्हाळा लागला की सोलापुरात चौकाचौकांत पाणपोया लागतात. लावणाऱ्यांचं पुण्य मोठं आहे. पण दिवसभर गाडीवर असणाऱ्या माणसानं पाणपोईच्या भरवशावर राहावं, हे मला मान्य नाही. तो ज्याचं काम करतो त्यानं पाणी द्यावं. बऱ्याच जणांच्या बाबतीत कायदाही तेच सांगतो, पण अर्ज भलत्याच दारात जातो. पाण्याची तक्रार म्हटलं की लोक महापालिका गाठतात. महापालिका उजनीचं पाणी नळाला सोडते. मालकानं ते कामगाराला दिलं का, हे बघणारे वेगळे.

आधी बघा, हजेरी कुणाच्या मस्टरवर आहे.

कुरिअरच्या गोदामात पगारावर असाल तर सहायक कामगार आयुक्त. ठेकेदाराकडून असाल तरी तिथेच. ठेकेदाराच्या माणसांची सोयही आता मूळ मालकानंच करायची असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्याच मस्टरवर असाल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे आपले फॅक्टरी इन्स्पेक्टर. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १८ होतं : पिण्याच्या पाण्याची जागा संडास-मुतारी, मोरीपासून ६ मीटरच्या आत नको, कामगारांना वाचता येईल अशी पाटी हवी, २५० हून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. पाण्याची जबाबदारी तिथंही मालकावरच आहे, म्हणून अर्जात आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० असं लिहा.

खरी अडचण ॲपवाल्या पोरांची आणि माल भरायला गेटवर थांबलेल्या बाहेरच्या टेम्पोवाल्यांची. ते त्या जागेच्या मस्टरवर नसतात. या नव्या संहितांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेनं गिग कामगाराची, म्हणजे ॲपवाल्यांसारखं सुटं काम करणाऱ्याची, व्याख्या केली, कंपन्यांना उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायला लावले. तो पैसा विमा वगैरेसाठी. सात रस्त्यावरच्या हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघताना तहान लागली तर त्याचं काय, यावर संहिता गप्प आहे.

माझं म्हणणं सरळ आहे : पाण्याचा हक्क मस्टरला नको, जागेला जोडा. ज्याच्या मालासाठी माणूस थांबलाय त्यानं पाणी द्यावं, संडासही वापरू द्यावा. संडासची सोय नाही म्हणून कित्येक जण मुद्दाम कमी पाणी पितात, मग लघवीची जळजळ, मूतखडा. उन्हात काम करणाऱ्याला दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. डिकीतली लिटरची बाटली दीड तासात संपते आणि त्याआधीच गरम होते. ओआरएसची मोठी पुडी ग्लासभर पाण्यात कालवून पिऊ नका. ती एक लिटरची असते. कमी पाण्यात मीठ जास्त होऊन उलट त्रास होतो.

जागेवर बंधन घालता येतं, हे पेट्रोल पंपावर दिसतं. तिथं पिण्याचं पाणी, संडास आणि हवा मोफत द्यायचा तेल कंपन्यांचाच नियम आहे. कुलूप दिसलं तर पंपावरची तक्रार वही मागून त्यात लिहा.

अर्ज करताना नुसतं ‘पाण्याची सोय नाही’ लिहिलं की तो फायलीत पडतो. जागेचा पत्ता, तारीख, वेळ, किती माणसं किती तास थांबतात, जवळचा नळ किती पावलांवर आणि तो वापरू देतात का, हे लिहा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. महिनाभर हालचाल नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर काय कारवाई केली’ असं विचारा. हा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. मग विषय नेमका कुणाचा, हे तुमच्या हातात लेखी येतं.