गोचिडाला काडी लावू नका

‘लाइम रोगाचा जंतू अमेरिकेतल्या प्लम आयलंडच्या प्रयोगशाळेत बनवून गोचिडांतून सोडला. गोचीड चावताक्षणी तो रक्तात उतरतो, म्हणून लगेच जळती काडी लावा नाहीतर तेल ओता. यावर औषध नाही.’ हा फॉरवर्ड वाचून माझ्या मावसबहिणीने परवा लेकाच्या गुडघ्यामागे चिकटलेल्या गोचिडाला काडी लावली. गोचीड हलला नाही, पोराची कातडी मात्र भाजली. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

तर आधी काडीचंच. १९८१ मध्ये शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना गोचिडातून पसरणाऱ्या लाइम रोगाचे हे मळसूत्री जंतू दिसले ते गोचिडाच्या आतड्यात. भुकेल्या गोचिडात ते तिथेच आतड्याला चिकटून पडलेले असतात. गरम रक्त पोटात आलं की ते आपल्या अंगावरचं एक प्रथिन टाकून दुसरं तयार करतात आणि मग कुठे लाळग्रंथींकडे सरकतात. याला वेळ लागतो. किती, ते १९८७ मध्ये उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर गोचीड सोडून मोजलं गेलं: २४ तासांनी १४ पैकी १ प्राण्याला लागण, ४८ तासांनी १४ पैकी ५, आणि ७२ तास उलटल्यावर १४ पैकी १३. म्हणजे ‘चावताक्षणी’ हे साफ खोटं. गोचिडांतले दुसरे काही जंतू याहून लवकर उतरतात, म्हणून दिसला की काढायचाच. पण तेल ओतून तो सुटायची वाट बघण्यात हाताशी असलेला वेळच जातो, आणि चटका बसलेला गोचीड पोटातला द्रव उलट जखमेत सोडू शकतो. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून पकडा, पोट न दाबता, न पिळता सरळ वर ओढा. मग साबणाने धुवा. बस.

प्लम आयलंडची प्रयोगशाळा सुरू झाली १९५४ मध्ये. शेजारच्याच लाँग आयलंडवर १९४० च्या दशकात गोळा करून संग्रहालयात ठेवलेल्या गोचिडांत याच जंतूचा डीएनए सापडला, तो निष्कर्ष १९९० मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. जी प्रयोगशाळा उभीच नव्हती, तिने जंतू कसा बनवला? शीतयुद्धात अमेरिकी लष्कराने कीटकांतून रोग पसरवण्याचे प्रयोग केले होते, हे मात्र खरं आहे, मान्य करावंच लागतं. त्यावरून या जंतूचा जन्म तिथला ठरत नाही.

औषधाचं म्हणाल तर डॉक्सिसायक्लिनसारखी साधी अँटिबायोटिक्स सुरुवातीला दिली की बहुतेक जण बरे होतात. काहींचा थकवा महिनोन्‌महिने रेंगाळतो, पण औषधच नाही म्हणून घरी बसणाऱ्याचे सांधे आणि नसा धोक्यात येतात.

बहिणीला सांगितलंय, गोचीड दिसल्याची तारीख लिहून ठेव. ३ ते ३० दिवसांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप दिसला तर थेट डॉक्टरकडे जा, आणि भाजल्याचा डाग कुठला ते त्यांना आधी दाखव.