‘तुकडे पाडा, सारखं म्हणा’ : एका सल्ल्याचा समाचार

व्हॉट्सॲपवर स्पोकन इंग्लिशचा एक सल्ला फिरतोय: ‘इंग्रजांसारखं बोलायचंय? लांब शब्दाचे स्पेलिंगवरून तुकडे पाडा. अडलं तर डिक्शनरीत तुकडे दिलेलेच असतात. प्रत्येक तुकडा सारख्याच जोरात म्हणा. आघाताला (शब्दातल्या एखाद्या तुकड्यावर पडणाऱ्या जोराला) इंग्रजीत नियमच नाहीत, त्याच्या नादी लागू नका.’

स्पेलिंगवरून सिलॅबल, म्हणजे एका स्वराभोवती उच्चारले जाणारे तुकडे, मोजायला गेलात की फसलात. ‘कम्फर्टेबल’ कागदावर चार तुकड्यांचा दिसतो, बोलताना बहुतेक इंग्रज तो ‘कम्फ्-ट-बल’ असा तिनांत उरकतात. ‘स्ट्रेंग्थ्स’च्या स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं, पण स्वर एकच, म्हणून सिलॅबलही एकच.

डिक्शनरीचं म्हणाल, तर मेरियम-वेबस्टर शब्दाच्या मधे जी टिंबं देते ती ओळ संपताना शब्द कुठे तोडावा यासाठी. उच्चार वेगळा दिलेला असतो आणि त्यात आघाताच्या सिलॅबलआधी बारीक उभी रेघ असते. ती बघायची.

‘सारख्याच जोरात’ हा तर कहर आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या सिलॅबलवर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. आणि जोर सरकला की स्वरही बदलतात: ‘फोटोग्राफर’ होताना सुरुवातीचा ‘फो’ विरून नुसता ‘फ’ उरतो, ‘टॉ’ मात्र ठसठशीत ऐकू येतो: फ-टॉ-ग्र-फ. सगळे तुकडे सारखे ठोकले तर हा फरकच पुसला जातो. मराठीत आघात हलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही. ‘डेव्हलपमेंट’ आपण ‘डे’वर दाबून म्हणतो; इंग्रजांचा जोर ‘व्हे’वर.

राहिला ‘नियमच नाहीत’चा मुद्दा. शब्दाच्या शेवटी ‘-शन’, ‘-इक’ किंवा ‘-इटी’ असेल, तर आघात बहुधा त्या शेपटीच्या लगेच आधी येतो: ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर, ‘इलेक्ट्रिक’मध्ये ‘लेक’वर, ‘इलेक्ट्रिसिटी’मध्ये सरकून ‘ट्रि’वर. ‘ॲरॅबिक’, ‘पॉलिटिक्स’ असले अपवाद आहेतच. ‘लॅबोरेटरी’ तर इंग्लंडमध्ये दुसऱ्या सिलॅबलवर आणि अमेरिकेत पहिल्यावर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘रिपोर्ट’ मात्र दोन्हीकडे दुसऱ्यावरच. कटकट आहे खरी, पण नियम नाहीत असं नव्हे.

आपापसात सपाट इंग्रजी बोलून कुणाचं काही अडत नाही, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. फक्त ते ‘इंग्रजांसारखं’ या नावाखाली खपवू नये.