‘लाळ म्हणजे पाणीच’ हे फिलिंगच्या बाबतीत खरं नाही

दातांच्या रंगाच्या फिलिंगबद्दल एक मेसेज बराच फिरतो : ‘लाळ ९९ टक्के पाणी. फिलिंग करताना लागली तर हवेने वाळवायची, लाइट मारला की मटेरियल घट्ट होतंच. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) हा नुसता सोपस्कार. आणि एकदा घट्ट झालं की लाळ त्याला काही करत नाही.’ आकडा बरोबर आहे, बाकीचं फसवं.

आधी ‘वाळवली की झालं’ बघू. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतलं आणि वाळवलं की पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसतो. तिथे सूक्ष्म खळगे पडलेले असतात आणि बाँडिंगचं रेझिन (फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव) त्यांतच शिरून पकड घेतं. लाळेतली ग्लायकोप्रोटीनं काही सेकंदांत या खळग्यांना चिकटतात. हवेने पाणी उडतं, प्रथिनं तिथेच वाळून बसतात. पाण्याने धुतल्यावरही ती पुरती निघत नाहीत. म्हणून इनॅमल पुन्हा सुमारे १० सेकंद एच करायचं (तेच आम्ल लावायचं) आणि धुऊनच पुढे जायचं. इनॅमलखालच्या डेंटिनवर मात्र जपून, कारण एचिंग लांबलं तर उघडी पडलेली कोलॅजेन या प्रथिनाची जाळी रेझिनने तळापर्यंत भरत नाही.

‘लाइटने घट्ट होतंच.’ होतं, आणि फसगत तिथेच होते. घट्ट होणं वेगळं, दाताला चिकटणं वेगळं. त्या दिवशी फिलिंग छान दिसतं. पुढे कडेला तपकिरी रेघ येते, गार लागलं की दात ठणकतो. बाँडिंग क्युअर झाल्यावर (लाइटने घट्ट झाल्यावर) किंवा दोन थरांच्या मध्ये लाळ आली, तर धुवा, वाळवा, बाँडिंग पुन्हा लावून क्युअर करा.

रबर डॅमशिवाय, कापसाचे रोल आणि सक्शन वापरून समोरच्या दातांचं काम नीट होऊ शकतं. खालच्या दाढेला, जिभेच्या बाजूला तो भरवसा नाही. कड हिरडीखाली असेल आणि कोरडी राहतच नसेल, तर तिथे ओल जास्त सहन करणारं ग्लास आयोनोमर हे दुसरं फिलिंग मटेरियल बरं.

राहिला शेवटचा दावा. लाळेतली एस्टरेज एन्झाइम्स रेझिनमधले एस्टर नावाचे रासायनिक बंध सावकाश तोडत राहतात. सगळ्यात आधी झिजतो तो कडेचा बाँडिंगचा पातळ थर. अर्धवट क्युअर झालेलं रेझिन आणखी लवकर खचतं. म्हणून नेहमीच्या कॉम्पोझिटचा (दातांच्या रंगाच्या फिलिंग मटेरियलचा) थर २ मिलिमीटरच्या आत ठेवावा, आणि खोल पोकळीत लाइटचं टोक लांब राहत असल्याने तळाच्या थराला जास्त सेकंद द्यावेत.