पाण्यातून मातीत आलेल्या फांदीचं पाणी तोडू नका

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या बागप्रेमींच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मनी प्लांट, कोलियस, सिंगोनियम यांच्या बाटलीत मुळं फुटलेल्या फांद्या मातीत कशा लावायच्या, हे तो सांगतो. मुळं वीतभर होईपर्यंत थांबा. कुंडी मोठी घ्या. लावल्यावर आठ दिवस पाणी तोडा, म्हणजे मुळं पाणी शोधत खाली जातील. जोम धरायला खत घाला, ऊन दाखवा. आणि पानांनी माना टाकल्या तर फांदी गेली समजा, दुसरी लावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हे ऐकून महिनाभर जपलेल्या फांद्या आठवड्यात वाळतात आणि माणसं ‘माझ्या हाताला झाडं लागत नाहीत’ म्हणून नाद सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी पाणी तोडण्याचं बोलू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथंच होतं. बागायतदार डाळिंबाला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, हे आपण ऐकलेलं असतं. त्यावरून हे आलं असावं. पण ताण दिला जातो तो जमिनीत खोल रुजलेल्या, साठा असलेल्या झाडाला. बाटलीतल्या फांदीचं तसं नाही. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि त्यांच्यावर बारीक केसमुळं फारच कमी असतात. मातीतलं पाणी कणांना चिकटलेल्या पातळ थरात असतं, ते ओढून घेण्याचं मोठं काम ही केसमुळंच करतात. ती नव्यानं फुटायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. तोवर माती सुकली तर आहेत ती मुळंही जातात, मग शोधत खाली जायचं कुणी? पहिले दोन-तीन आठवडे माती वाफशावर हवी : मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये.

लावण्याची रीतही इथंच सांगते, कारण मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. फांदी बाटलीतून वर काढून बघा. पाण्यात मोकळी पसरलेली मुळं ओल्या केसांच्या बटेसारखी एकमेकांना चिकटतात. मातीत भोक पाडून ही बट तशीच खुपसली की बाहेरच्या मुळांना तेवढी माती लागते, आतली पोकळीत सुकतात. त्याऐवजी रिकाम्या कुंडीत फांदी एका हातानं धरायची आणि दुसऱ्या हातानं भुसभुशीत मिश्रण चिमटीचिमटीनं मुळांमध्ये सोडत जायचं. दाबायचं नाही. वरून हळू पाणी दिलं की माती आपोआप बसते.

मुळं वीतभर वाढवायची गरजच नाही. जितकी लांब, तितकी लावताना मोडणार. बोटाची दोन पेरं झाली, त्यांना एखाद-दुसरा फाटा फुटला की पुरे.

मोठ्या कुंडीत एवढीशी मुळं सगळं पाणी उचलू शकत नाहीत. माती चिकचिकीत राहते, तिच्यातली हवा संपते आणि मुळं कुजतात. दह्याचा अर्धा किलोचा डबा, तळाला भोकं पाडून, पुष्कळ झाला. शेतातली काळी माती मात्र नुसती भरू नका. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि त्या भेगांत ही ठिसूळ मुळं तुटतात. पन्हाळ्याकडच्या तांबड्या मातीतून निचरा बरा होतो, पण तीही एकटी नको. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग चाळलेली माती आणि एक भाग जाडी वाळू घेते.

खताचं थोडक्यात : मुळं अजून पाणीच नीट ओढत नाहीत, तिथं युरियासारख्या खताचे क्षार मातीत वाढले की पाणी उचलणं आणखी अवघड होतं. नवं पान उघडेपर्यंत थांबा, मग अगदी पातळ करून द्या.

उन्हाचंही तसंच. ऊन आणि वारा पानांतून पाणी ओढत राहतात आणि खालून पुरवठा तोकडा पडतो. रंकाळा तलावाच्या बाजूला वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी वाऱ्याचाही विचार करावा. शिरोळ-हातकणंगलेकडच्या ऊस रोपवाटिकांत एकडोळा रोपं (उसाच्या एकेका डोळ्यापासून केलेली) कोकोपीटच्या ट्रेमध्ये शेडनेटखाली वाढवतात आणि मगच हळूहळू उन्हाला सरावू देतात. उसासारख्या उन्हातल्या पिकाला एवढं जपतात, मग सावलीतल्या सिंगोनियमला थेट गच्चीवर का ठेवायचं? पूर्वेच्या खिडकीतला उजेड पुरतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत वरून सैल प्लास्टिकची पिशवी घालावी. जुलैत हवाच दमट असते, तेव्हा पिशवी नको आणि पाणीही बोट घालून बघूनच द्यावं.

राहिलं माना टाकण्याचं. पहिले काही दिवस पानं मलूल होणं, खालचं एखादं पान पिवळं पडून गळणं, हे होतंच. फेकण्याआधी देठ चिमटीत धरून बघा. हिरवा आणि टणक असेल तर फांदी जिवंत आहे, तिला सावलीत राहू द्या. बुडाशी काळा पडून मऊ झाला असेल, वास येत असेल, तर कुजलेला भाग पूर्ण कापा आणि वरचा निरोगी तुकडा, निदान एक पेर (पान फुटतं तो सांधा) पाण्याखाली राहील असा, पुन्हा स्वच्छ पाण्यात ठेवा.