फुटपाथवर वाचनालय थाटण्यासाठी काही टिपा

दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता, मी एका वाचनालयावर आपटलो. वाचनालयात नव्हे, वाचनालयावर. आमच्या चौकातल्या फुटपाथवर 'सार्वजनिक मोफत वृत्तपत्र वाचनालय' आहे आणि त्याच्या पत्र्याची कड बरोब्बर माझ्या कपाळाच्या उंचीला येते. एरवी तिथे आलं की आम्ही सगळेच मुकाट रस्त्यावर उतरतो आणि पंधरा पावलांनी पुन्हा वर चढतो. पाय आपोआप वळतात. त्या दिवशी रस्ता खोदलेला होता (कशासाठी ते विचारू नका), म्हणून फुटपाथवरून चालायची दुर्बुद्धी झाली. डॉक्टरांनी चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "पत्रा गंजका होता का?" म्हटलं, छे हो, निवडणुकीआधीच रंग दिलाय.

घरी पडल्या पडल्या लक्षात आलं की मी आजवर या विषयाकडे चालणाऱ्याच्या बाजूनं बघत होतो. ती बाजूच चुकीची. फुटपाथ चालायला असतो असं समजून जो घराबाहेर पडतो, त्याचं कपाळ फुटायचंच. तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांना समाजकार्याची हौस आहे पण स्वतःची जागा नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. टाके चारच पडले, टिपा थोड्या जास्त पडतील.

पहिली टीप बोर्डाची. वाचनालयाला पेपर लागतात हा भाबडा समज आहे. वाचनालयाला लागतो बोर्ड. आमच्याकडचा चांगला आठ फुटी आहे. मधोमध हात जोडलेले साहेब, वरच्या पट्टीत साहेबांचे साहेब, खाली टिकल्यांएवढ्या चेहऱ्यांचे पंधरा-वीस कार्यकर्ते. नावाच्या आधी 'संकल्पना' असं लिहायला विसरू नका. लोखंडी नळीवर पेपर वाळत घालायचे, ही संकल्पना कुणाला तरी सुचावी लागते ना! पद गेलं तरी बोर्ड बदलायची घाई करू नका. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, सगळ्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि मतदान व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. जवळजवळ चार वर्षं गावात एक नगरसेवक नव्हता, पण बोर्डावर पाहावं तर प्रत्येक चौकात एक. आमच्या साहेबांनी तेवढं 'मा.' ठेवलं. त्याचा 'माननीय' वाचा नाहीतर 'माजी', तुमची मर्जी.

दुसरी टीप जागेची. झेब्रा क्रॉसिंग जिथे फुटपाथला येऊन मिळतं, तो व्हीलचेअरसाठी केलेला उतार आयता मिळतो. बाक तिथेच टाका, पाय पसरायला बरं पडतं. रस्ते कसे बांधायचे याचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांसाठी एक नियमावली आहे, आयआरसी १०३. फुटपाथवर निदान १.८ मीटर रुंदी चालायला मोकळी हवी असं ती सांगते. टाके ओले असताना मी टेप घेऊन गेलो आणि आमचा फुटपाथ मोजला. मूळची रुंदी दोन मीटर. त्यातून पेपरचं स्टँड, स्टीलचा बाक आणि वाचकांचे गुडघे वजा केले, तर उरले चाळीस सेंटिमीटर. वाचकांनी गुडघे आवळले तर पंचेचाळीस. पण वाचक गुडघे आवळत नाहीत, वर बघून "काय मोजताय?" असं विचारतात.

कुंड्या ठेवा. कुंडी असली की ते अतिक्रमण राहत नाही, सुशोभीकरण होतं.

आत एका थोर पुरुषाची तसबीर लावा. मग कुणाची टाप आहे?

वीज समोरच्या खांबावरून घ्या, सगळे तिथूनच घेतात.

आता चौथी की सहावी, जी असेल ती टीप: कायद्याला भिऊ नका. कायदा आहे आणि चांगला दणकट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, कलम २३१: रस्त्यावर किंवा फुटपाथवर बेकायदा उभारलेली, ठेवलेली, विकायला मांडलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता हटवू शकतात. मुंबईला तिचा स्वतःचा १८८८ चा कायदा आहे, त्यात हेच कलम ३१४. नोटीस न देता, बरं का! आणि हे कलम वापरात नाही असंही कुणी म्हणू नये. आमच्या पेपरवाल्या काकांवर ते वर्षातून चारदा वापरलं जातं. काकांचं दुकान म्हणजे दोन विटांवर एक फळी, फळीवर पेपर, वर प्लास्टिक. पहाटे साडेचारला गठ्ठे सोडतात, पुरवण्या घालतात, पोरांना लाइनवर धाडतात आणि साडेनऊला फळी उचलून घरी जातात. त्यांच्या फळीनं आजवर कुणाचं कपाळ फुटलेलं नाही. पण अतिक्रमणची गाडी आली की पहिली फळी जाते. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो, आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, फेरीवाला समिती नेमा, जागा ठरवा. काकांचं सर्वेक्षण झालंय. प्रमाणपत्र? साहेबांना भेटा.

आणि गंमत ऐका. ही गाडी काकांची फळी जिथून उचलते, तिथून वाचनालय वीस पावलांवर आहे. गाडीतली माणसं फळी चढवतात, मग वाचनालयाच्या बाकावर बसून चहा पितात आणि पेपर चाळतात. तो पेपर काकांनीच टाकलेला असतो. वाचनालयाला रोज सात पेपर लागतात, बिल साहेबांच्या नावावर, आणि ते मागच्या दिवाळीपासून थकलंय. म्हणजे ज्याची फळी बेकायदा, त्याच्या उधारीवर कायदेशीर ज्ञानदान चाललंय. काकांना म्हटलं, पेपर बंद करा त्यांचे. काका हसले. म्हणाले, "फळी लावायचीय ना मला तिथं."

सुप्रीम कोर्टाचीही चिंता नको. १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात कोर्टानं म्हटलंय की सार्वजनिक रस्त्यांवर आणि फुटपाथांवर पुतळे किंवा कुठलंही बांधकाम उभारायला राज्य सरकारांनी यापुढे परवानगी देऊ नये. नीट वाचा. परवानगी देऊ नये. तुम्ही परवानगी मागायलाच जाऊ नका, म्हणजे कोर्टाचा अवमानही होत नाही. पुढे २०२५ च्या मे महिन्यात त्याच कोर्टानं सांगितलं की अडथळ्याविना फुटपाथ वापरायला मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ही बातमी मी वाचली होती. कुठे, तर त्याच वाचनालयात, रस्त्यावर उभं राहून, कारण आत जागा नव्हती.

पडून असताना मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांची दयनीय अवस्थाही वाचली. तिकडे फुटपाथवर पेपरच्या पेट्या असतात. नाणं टाकायचं, झाकण उघडायचं, पेपर घ्यायचा. आता पेपर घेणारेच कमी झालेत, ते सोडा. तर एवढ्याशा पेटीसाठी ही माणसं कोर्टात जातात! ओहायो राज्यात लेकवूड नावाचं गाव आहे. तिथे पेटीला परवानगी द्यायची की नाही, हे महापौरांच्या मर्जीवर सोडलं होतं. १९८८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मर्जीबिर्जी चालणार नाही. छापील मजकूर लोकांपर्यंत पोचू द्यायचा की नाही, हे ठरवायला आधी निकष लिहून काढा. त्याच राज्यातल्या सिनसिनाटीनं फुटपाथ मोकळे करायचे म्हणून जाहिरातींच्या मासिकांच्या ६२ पेट्या हटवायचा हुकूम काढला. १९९३ मध्ये कोर्टानं तोही मोडला, का तर शहरात पेट्या दीड-दोन हजार आणि त्यातल्या ६२ काढून कितीसा फरक पडणार? बासष्ट! मोजल्या होत्या त्यांनी! आमच्या वॉर्ड ऑफिसला विचारा बरं, फुटपाथवर वाचनालयं किती, विरंगुळा केंद्रं किती, ज्येष्ठ नागरिक कट्टे किती. न्यूयॉर्कात तर आगीच्या बंबाच्या नळापासून पंधरा फुटांच्या आत पेटी ठेवता येत नाही आणि पेटीवर मालकाचं नाव, पत्ता, फोन लिहावाच लागतो. यातला नाव लिहायचा नियम आपण केव्हाच पाळतो, तोही फोटोसकट.

यावर कुणी म्हणेल, तक्रार करायची होती. केली ना! अ‍ॅपवर केली, पत्र्याचा फोटो आणि कपाळाचा फोटो जोडून. पहिल्या दिवशी तक्रार अतिक्रमण विभागाकडे. त्यांनी ती 'पक्कं बांधकाम' म्हणून बांधकाम विभागाकडे वर्ग केली. बांधकामनं 'फुटपाथ' म्हणून पथ विभागाकडे. पथनं 'फलक' म्हणून आकाशचिन्ह विभागाकडे. तिथून ती, देवाशपथ, उद्यान विभागाकडे गेली. कुंड्या! नवव्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. कृपया अभिप्राय नोंदवा.' खाली पाच चांदण्या. मी धावत चौकात गेलो. पत्रा तिथेच, बाक तिथेच, गुडघे तिथेच. फक्त पत्र्याच्या कडेला, जिथे माझं कपाळ लागलं होतं तिथे, तांबडं फडकं बांधलं होतं. कामाचा पुरावा म्हणून अ‍ॅपवर त्या फडक्याचा फोटोही चढवलाय.

तेव्हा पुढची टीप अशी की

नाही, राहू दे. टिपा पुरे झाल्या.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काठी घेऊन चालते. चौकापलीकडच्या बँकेत ती दर महिन्याला स्वतः जाऊन पेन्शन काढायची. स्वतः जायची, कुणाला बरोबर येऊ द्यायची नाही. पासबुक भरून आणायची आणि येताना पेपरवाल्या काकांशी पाच मिनिटं बोलायची. ते वाचनालय झाल्यावर तिला तिथे रस्त्यावर उतरावं लागायला लागलं. फुटपाथची पायरी फूटभर उंच, समोरून उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्या, मागून बस. दोनदा घाबरून परत आली. आता जात नाही. "तूच आण रे," म्हणते. माझ्या कपाळाचे टाके सातव्या दिवशी निघाले. तिचं बाहेर जाणं बंद झालं ते झालंच, आणि त्याची तक्रार कुठल्या विभागाकडे वर्ग होते ते मला माहीत नाही.

साहेब, तुम्हाला वाचनाची एवढी कळकळ आहे ना? शाळेमागे महापालिकेचं खरं वाचनालय आहे, चार भिंतींचं, त्याला दीड वर्ष कुलूप आहे. ते उघडा. छप्पर आहे, खिडक्या आहेत, टेबलं आहेत. पण तिथे तुमचा फोटो रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून उघडत नाही तुम्ही. आणि आधी काकांचं बिल द्या. माणूस पहाटे साडेचारला उठतो, त्याचे पैसे बुडवता आणि वर त्याचीच फळी उचलायला लावता. लाज नाही वाटत?

अधिकारीसाहेब, कलम २३१ मध्ये फळी आणि पत्रा असा फरक कुठे केलाय, मला दाखवा.

आणि बाकावर बसणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा. माझ्या डोक्यातून रक्त येत होतं तेव्हा तुमच्यापैकी दोघं उठले, पाणी दिलं, रिक्षा थांबवली, हे मी विसरलेलो नाही. पण तिसऱ्यानं पेपरमधून डोकं वर काढून "बघून चालावं माणसानं" असं म्हटलं ना, त्याला सांगतो. बघूनच चालत होतो काका. खाली बघून चालत होतो, कारण खाली तुमचे पाय होते.

आणि ते फडकं सुटत आलंय. निदान गाठ तरी नीट मारा.