"अजाइल आहे, मग प्लॅन कशाला?" : त्या फॉरवर्डला उत्तर

हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक ग्रुप आमच्या सोसायटीचा, जिथे एरवी टँकर आणि पार्किंग सोडून विषय नसतो. विषय अजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवून, दाखवून, प्लॅन बदलत पुढे जाण्याच्या पद्धतीचा. मेसेज लांबलचक आहे, पण सांगणं एवढंच: "काम अजाइल पद्धतीने करणार असाल तर करारात प्रोजेक्ट प्लॅन घालू नका. अजाइलच्या जाहीरनाम्यातच करार नको म्हटलंय. घालावाच लागला तर वर 'इंडिकेटिव्ह' (फक्त सूचक) लिहा, सुटलात. पद्धतीबद्दल 'इंडस्ट्री स्टँडर्ड अजाइल' एवढे तीन शब्द पुरेत. अजाइलमध्ये उशिराचा दंड लागत नाही. आणि व्हॉट्सॲपवर ठरलेले बदल कायदा मानतच नाही, तेव्हा निर्धास्त राहा."

मी वकील नाही. कोथरूडमधल्या वीस-बावीस जणांच्या कंपनीत प्रोजेक्ट सांभाळतो आणि कराराची परिशिष्टं लिहिणं दरवेळी माझ्याच गळ्यात पडतं. त्यातली काही मी वाईट लिहिली, आणि त्याची किंमत कंपनीने मोजली. तेवढ्याच अधिकारावर हे लिहितोय.

जाहीरनाम्यापासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटातल्या स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी चार तत्त्वं लिहिली. त्यातलं एक, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य मोलाचं. दुसरं, आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं. फॉरवर्ड इथे थांबतो, जाहीरनामा थांबत नाही. त्याच्या शेवटच्या वाक्यात स्पष्ट म्हटलंय की उजव्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, डाव्या बाजूच्या गोष्टींना आम्ही जास्त मोल देतो, एवढंच. मूळ इंग्रजी वाक्यांत करार आणि आराखडा उजव्या बाजूला येतात. 'कमी' आणि 'नको' यांतला फरक भाजीवाल्यालाही कळतो. शिवाय ती मंडळी सॉफ्टवेअर चांगलं कसं बनवावं याचा विचार करत होती. बिल तीन महिने थकलं तर काय, हा त्यांचा विषयच नव्हता.

(दुसऱ्या टोकाच्या लोकांचंही असंच झालंय. वॉटरफॉलचं, म्हणजे आधी सगळा आराखडा आणि मग एकेक टप्पा या जुन्या पद्धतीचं, मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाकडे बोट दाखवतात. त्या निबंधात वॉटरफॉल हा शब्द नाही, आणि एकेक पायरी उतरत सरळ शेवटापर्यंत जाणं धोक्याचं आहे, असं त्यांनी त्यातच लिहून ठेवलंय. लोकांनी आकृती उचलली, मजकूर तिथेच राहिला.)

आता 'इंडिकेटिव्ह' लिहून सुटण्याबद्दल. इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही स्टोअर आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर बनवायचं काम घेतलं होतं. परिशिष्ट ब मध्ये आठ महिन्यांचा प्लॅन होता आणि वर ठळक अक्षरांत 'फक्त सूचक'. ते मीच लिहिलं होतं आणि स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या महिन्यात त्यांच्याच मोठ्या साहेबांनी सांगितलं, डिस्पॅच राहू दे, आधी बारकोडचं बघा, स्टोअरमध्ये माल सापडत नाही. आम्ही बारकोड केलं. डेमो झाला, सगळे खूश, चहा आणि वडापाव झाला. बिल पाठवलं, ते परत आलं. अकाउंट्सच्या बाईंनी मूळ करारातल्या पेमेंटच्या कलमावर बोट ठेवलं होतं: बिलं 'परिशिष्ट ब मधील माइलस्टोनप्रमाणे' निघतील. दुसरा माइलस्टोन, म्हणजे टप्पा, डिस्पॅच मॉड्यूल. ते कुठाय?

बाईंचं काहीही चुकलं नव्हतं. आमच्या दृष्टीने सूचक असलेला तोच कागद त्यांच्याकडे पैसे सोडायची किल्ली होता. चार महिने पैसे अडकले. डिस्पॅच झाल्यावर आधी त्याचे मिळाले, मग बारकोडचे.

म्हणजे 'सूचक' हा शिक्का एका पानावर मारून भागत नाही. तो प्लॅन करारात आणखी कुठे कुठे टेकलाय ते शोधावं लागतं. पेमेंटच्या कलमात हमखास असतो. उशिराच्या दंडात असतो. वॉरंटी कधीपासून मोजायची, करार कधी मोडता येईल, इथेही असतो. मूळ करार आणि परिशिष्ट यांत विसंगती आली तर कोणाचं खरं मानायचं, हे एक वाक्य तर आमच्या करारात नव्हतंच. आणि ग्राहकाच्या बाजूने पाहा: ज्याला बँकेकडून कर्ज घेऊन सॉफ्टवेअर करून घ्यायचंय, त्याला 'सगळंच सूचक' म्हणून सांगितलं तर त्याने काय समजायचं? त्याला एक आकडा आणि एक तारीख हवी असते, आणि ती मागण्यात तो मागासलेला ठरत नाही.

त्यानंतर आम्ही वेगळ्या तऱ्हेने लिहायला लागलो. पुढच्या दोन स्प्रिंटांचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेऱ्यांचं, काम पक्कं, त्यापुढचं अंदाजाचं. दर स्प्रिंटच्या शेवटी सुधारलेला प्लॅन मेलने जातो, पाच कामाच्या दिवसांत हरकत आली नाही तर तोच प्लॅन. पैसे स्प्रिंटमध्ये स्वीकारलेल्या कामाचे, मॉड्यूलच्या नावाचे नाहीत. एकूण खर्चाला वरची मर्यादा, आणि कुठल्याही स्प्रिंटच्या शेवटी ग्राहकाला थांबण्याची मुभा, तोवरचं बिल चुकतं करून. प्लॅन बदलणारच आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. तो कोणी, किती दिवसांत आणि कशाने बदलायचा, हे मात्र करारात घट्ट बांधलेलं लागतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं तेच सोडून दिलंय.

'इंडस्ट्री स्टँडर्ड अजाइल' या तीन शब्दांकडे येऊ. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २९ व्या कलमात म्हटलंय की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. तिथलं उदाहरण तेलाचं आहे. शंभर टन 'तेल' विकायचं ठरलं, कुठलं ते कळायला काहीच मार्ग नाही, तर करार निरर्थक. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर त्याच्या धंद्यावरूनच अर्थ लागतो. 'अजाइल' लिहिलं म्हणून अख्खा करार रद्द होईल असं मी म्हणत नाही. पण अजाइल हे खोबरेल तेल नव्हे. त्यात स्क्रम, कानबान, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग अशा निरनिराळ्या पद्धती येतात, आणि पुण्यात सर्रास चालतं ते 'रोज सकाळी उभं राहून मीटिंग, बाकी जुनंच' हेही येतं. भांडण झाल्यावर प्रत्येक जण आपल्याला सोयीचं तेल ओतणार.

स्क्रमच घेतलं तरी त्याच्या मार्गदर्शिकेत करारात उचलून ठेवण्याजोग्या बऱ्याच गोष्टी आहेत. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याची. स्प्रिंट चालू असताना तिच्या उद्दिष्टाला धक्का लावणारा बदल नाही. काम 'झालं' कशाला म्हणायचं, याची व्याख्या आधी ठरलेली. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कुठलं काम आधी करायचं ते ठरवणारा, ही एक व्यक्ती असते, समिती नसते. भोसरीला आमचे प्रॉडक्ट ओनर तीन होते. मोठे साहेब, त्यांचा नुकताच शिकून आलेला मुलगा आणि परचेसचे काका. तिघांची उत्तरं तीन, आणि तिन्ही रास्त. करारात एक नाव, ते रजेवर असेल तर दुसरं, आणि प्रश्नाला उत्तर किती दिवसांत, एवढं लिहिलं असतं तर निम्मा उशीर टळला असता.

ग्राहकाने उत्तर दिलं नाही, डेटा दिला नाही, यूएटीला (वापरणाऱ्यांनी करायच्या चाचणीला) माणूस दिला नाही, तर काय? याचं उत्तरही त्याच करार कायद्यात आहे, ६७ व्या कलमात. घर दुरुस्त करायचं काम एकाने घेतलं आणि दुरुस्ती कुठे करायची ते मालकाने दाखवलंच नाही, तर त्यामुळे राहिलेल्या कामाचा दोष दुरुस्ती करणाऱ्यावर नाही. हे उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, पण कुठल्याही बॅकलॉगच्या (करायच्या कामांच्या यादीच्या) मीटिंगला लागू पडतं. मात्र मालकाने दाखवलं नाही, हे सिद्ध करावं लागतं, आणि 'इंडस्ट्री स्टँडर्ड' या शब्दांतून ग्राहकाने नेमकं काय द्यायचं होतं हे निघत नाही.

मग दंड. अजाइलमध्ये दंड लागत नाही, हे कुठून आलं देव जाणे. कायदा तुमची पद्धत विचारत नाही. ५५ वं कलम विचारतं ते हे, की वेळ हा या कराराचा गाभा आहे, असं दोघांच्या मनात होतं का? गणपतीचा मांडव चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उभा राहिला तर त्याचा उपयोग शून्य. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा बिलिंग सॉफ्टवेअर बदलून देण्याचं ज्यांनी कबूल केलं होतं, त्यांची गतही मांडववाल्याचीच. अशा ठिकाणी तारीख चुकली तर समोरच्याला करार मोडता येतो, मग तुम्ही स्प्रिंट करा नाहीतर आणखी काही. वेळ गाभा नसेल तरी उशिराने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येतेच. करारात दंडाचा आकडा असेल, तर ७४ व्या कलमाप्रमाणे तो कमाल मर्यादा आहे. त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. म्हणजे ग्राहकानेही 'दर आठवड्याला एक टक्का' लिहिलं म्हणून तेवढं मिळालंच, असं समजू नये.

५५ मध्येच ग्राहकांनी वाचावी अशी एक ओळ आहे. वेळ गाभा असलेल्या करारात उशिरा झालेलं काम तुम्ही स्वीकारलंत आणि स्वीकारताना 'भरपाई मागणार' अशी सूचना दिली नाहीत, तर नंतर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. दर दोन आठवड्यांनी डेमोत मान डोलावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

व्हॉट्सॲपचा मुद्दा थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य होत नाही. दोघांच्या संमतीने करार बदलता येतो, हे करार कायद्याचं ६२ वं कलम. मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र लागतं. किचकट आहे, पण 'कायदा मानतच नाही' याच्या जवळपासही नाही. रात्री साडेदहाला 'हो, करून टाकू' असं टाइप करणाऱ्या डेव्हलपरला हे कोणीतरी सांगायला हवं. बदल कोण मान्य करू शकतो, त्याचं नाव आम्ही हल्ली करारात घालतो. त्यात डेव्हलपर नसतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान कंपन्यांचं तिच्यावाचून खरं नुकसान होतं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार ग्राहकाने कामाचे पैसे स्वीकृतीपासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. आणि काम दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम दिलं त्या दिवशीच ते स्वीकारलं असं धरतात. पण त्यासाठी काम कधी दिलं तो दिवस दाखवता आला पाहिजे. भोसरीच्या बारकोडच्या डेमोला वडापाव होता, हजेरीला मालकांसकट सहा जण होते, फोटोही आहेत. डिलिव्हरीचा मेल मात्र आम्ही पाठवलाच नव्हता.