स्वस्त भयपट चारचौघांत कसा पाहावा

गेल्या शनिवारी एका चित्रपटरसिक मंडळाच्या खेळाला जाण्याचा योग आला. चित्रपट होता १९६२ सालचा ‘ग्रितोस एन ला नोचे’, म्हणजे रात्रीतल्या किंकाळ्या. स्पेन आणि फ्रान्स यांनी मिळून तुटपुंज्या पैशांत उरकलेला, कृष्णधवल, आणि बाहेरच्या जगात ‘द ऑफुल डॉ. ऑर्लॉफ’ या इंग्रजी नावानेच ओळखला जाणारा. तिथे जमलेल्या चाळीसेक जाणकारांकडून मला जे शिकायला मिळाले ते स्वतःपुरते ठेवणे बरे नव्हे, म्हणून असे चित्रपट पाहू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी या काही सूचना.

प्रास्ताविक तुमच्याकडे असेल तर चित्रपट आधी मुळीच पाहू नये. पाहिल्याने वक्तृत्वाला मर्यादा पडतात. आमच्या वक्त्यांनी दिग्दर्शकाचे फक्त आडनाव वाचले होते आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी स्पेनच्या हुकूमशहाला चित्रपट काढण्याची हौस कशी होती हे आम्हाला पंधरा मिनिटे समजावून सांगितले. या चित्रपटाचा दिग्दर्शक हेसूस फ्रँको हा १९३० साली माद्रिदमध्ये जन्मलेला, जॅझचे वेड असलेला, आयुष्यात दीडशेहून अधिक चित्रपट काढणारा, अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या हाताखाली काम केलेला आणि २००९ साली स्पेनच्या गोया या चित्रपट पुरस्कारांत जीवनगौरव मिळवणारा एक निराळाच मनुष्य होता, आणि ज्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत तो काम करत होता तिच्या सेन्सॉरशी त्याचे सतत वाजत असे, हा तपशील अगदीच क्षुल्लक आहे. (हुकूमशहा फ्रँकोने टोपणनावाने एका चित्रपटाची कथा लिहिली होती, हे मात्र खरे. वक्त्यांना ते माहीत असते तर आणखी पंधरा मिनिटे गेली असती.)

मध्यंतर नसेल तर ते आपण करून घ्यावे.

कोणताही चित्रपट मूळ कादंबरीइतका उतरलेला नाही, असे जाता जाता म्हणावे. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी श्रेयनामावलीत ‘डेव्हिड कुन यांच्या कादंबरीवरून’ अशा अर्थाची ओळ वाचली आणि पहिल्या दहा मिनिटांतच मान हलवून सांगितले की पुस्तकाची सर याला नाही. डेव्हिड कुन हे फ्रँकोचेच टोपणनाव आहे आणि अशी कादंबरी कधी लिहिलीच गेली नाही. जे पुस्तक अस्तित्वातच नाही, त्याच्याशी तुलना करून चित्रपट उणा ठरवणे यासाठी जो आत्मविश्वास लागतो तो वाचनाने येत नाही.

नक्कल ओळखावी, आणि मोठ्याने ओळखावी. मुलीचा होरपळलेला चेहरा परत मिळवण्यासाठी डॉक्टर तरुणींना पळवून त्यांची त्वचा काढतो, ही कथा ज्यॉर्ज फ्रांज्यूच्या १९६०च्या फ्रेंच चित्रपटाच्या अगदी जवळची आहे, यात वाद नाही. ऑर्लॉफ हे नाव आणि आंधळा नोकर तर १९३९ सालच्या, बेला लुगोसी या भयपटांतल्या नटाच्या एका ब्रिटिश चित्रपटातून आलेले आहेत, पण तेवढे मागे जायचे कष्ट घेऊ नयेत, कारण ‘ढापलेला आहे’ एवढे म्हटले की पुढचे पाहण्याची जबाबदारी संपते.

उघड्या अंगाची प्रत आहे का, हे मागच्या रांगेतून विचारावे. एकच चित्रपट, पण फ्रान्सच्या प्रतीत दोन-चार क्षण उघडे आणि स्पेनच्या प्रतीत तेच झाकलेले, कथा १९१२ सालच्या फ्रान्समध्ये नेऊन ठेवलेली, या साऱ्यावरून त्या काळातल्या स्पेनविषयी काही विचारता आले असते. ते विचारू नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. मोर्फो पडद्यावर आला की हसावे.

मोर्फो हा डॉक्टरचा आंधळा नोकर. रिकार्दो वाये या नटाच्या चेहऱ्यावर बटबटीत, न मिटणारे, खोटे डोळे लावलेले आहेत, आणि ते खोटे आहेत हे कोणालाही दिसते. तेव्हा हसण्याला जागा आहेच. आमच्याकडे तिसऱ्या रांगेतून आवाज आला, ‘हाफ फ्राय!’ चाळीस माणसे हसली. मीही हसलो, हे कबूल करतो, कारण उपमा खरोखरच चपखल होती. पण हा विनोद एकदाच करायचा नसतो. मोर्फो दिसला की ‘हाफ फ्राय’, मोर्फोची सावली दिसली की ‘हाफ फ्राय’, आणि मोर्फो दिसत नसताना तो कुठे असेल याची भीती वाटावी अशी योजना असते, तेव्हा ‘अंडी संपली वाटतं!’

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. एक बाई रात्री झोकांड्या खात घरी येते, खोलीत शिरते, कपाट उघडते आणि कपाटात तो उभा असतो. अशा ठिकाणी भयपटात व्हायोलिने किंचाळू लागतात. इथे होसे पागान आणि आंतोनियो रामिरेस आंखेल या संगीतकारांनी ढोल बडवले आहेत आणि पियानोवर जणू हातोडे घातले आहेत. बाहेर अंधारात डॉक्टर उंच टोपी घालून काठी आपटत उभा आहे, आणि तो आंधळा माणूस त्या काठीच्या आवाजाच्या मागे चालतो आहे. प्रेक्षकाला भीती वाटते ती त्या ठक ठक आवाजाची. दिग्दर्शकाकडे पैसे नव्हते, पण लाकडाची एक काठी आणि एक फरसबंदी रस्ता होता, आणि एवढ्यावर त्याने काम भागवले. तो आवाज तुम्ही ऐकला का? नाही ऐकला. ऐकणार कसा? डावीकडच्या एका हुशार मुलाने खुर्चीच्या हातावर टकटक करून काठीला उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि पुढचा तासभर आमच्या सभागृहात त्या हाडकुळ्या, थंड चेहऱ्याच्या, डॉक्टर झालेल्या हॉवर्ड व्हर्ननपेक्षा हा मुलगाच अधिक ऐकू आला.

दियाना लोरिसने डॉक्टरची मुलगी मेलिसा आणि इन्स्पेक्टरची वाग्दत्त वधू वांडा अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. ‘पैसे नव्हते, म्हणून एकाच बाईला दोन कामे दिली,’ असे कोणीतरी म्हणाले, आणि तेही कदाचित खरे असेल. पण कॅबरेत बसलेल्या वांडाकडे डॉक्टर इतका एकटक का पाहतो, ते कळायचे असेल तर त्याला तिथे स्वतःच्या मुलीचा धड असलेला चेहरा दिसतो आहे, हे लक्षात यायला हवे. लक्षात यायला डोळे पडद्यावर हवेत.

इथे सूचना संपल्या.

हा चित्रपट तुम्हाला आवडलाच पाहिजे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पोलीस चौकशीचा भाग मलाही रटाळ वाटतो, आणि इन्स्पेक्टर टॅनर इतका मठ्ठ आहे की चोर त्याच्या खुर्चीखाली सापडला तरी तो आधी खुर्चीची चौकशी करील. वाईट वाटला असता, कंटाळा आला असता, उठून गेला असतात, तरी माझी तक्रार नव्हती. पण वाईट आहे हे आधी ठरवून, ते वाईट असल्याचा आनंद घ्यायलाच तुम्ही आला होतात, आणि ज्यांना पाहायचे होते त्यांना तुम्ही पाहू दिले नाही. साठ वर्षांपूर्वी चार दिव्यांत आणि गोदोफ्रेदो पाचेकोच्या कॅमेऱ्यात कोणी काहीतरी उभे केले, आणि तुम्हाला त्यात फक्त आपण त्याच्यापेक्षा किती शहाणे आहोत एवढेच दिसले. याला रसिकता म्हणत नाहीत, उद्धटपणा म्हणतात. आणि नाकाने कांदे सोलायला तिकीट लागत नाही, ते घरीही सोलता येतात.

शेवटी तो आंधळा नोकर त्याच्याबरोबर राबणाऱ्या आर्न या बाईचे प्रेत ओळखतो, आणि आयुष्यभर ज्याच्या काठीमागे चालला त्या डॉक्टरवरच उलटतो. त्याच वेळी सभागृहात दिवे लागले, कारण चहा आला होता. थर्मासच्या भोवती गर्दी झाली आणि मोर्फोचे हात डॉक्टरच्या गळ्यापाशी पोहोचले तेव्हा पडद्यावर प्रकाशामुळे नुसते पांढुरके काहीतरी हलताना दिसत होते.

जाताना दारात चिटणीस भेटले. पुढच्या महिन्यात ऑर्लॉफचेच नाव लावलेला, फ्रँकोचाच १९६४चा चित्रपट ठेवला आहे, म्हणाले. ‘हा याच्याहून वाईट आहे म्हणे, धमाल येईल. वर्गणी आत्ताच घेऊ का?’

मी पैसे भरले नाहीत.